तांब्यावरचा ग्लास

झोप न येणं हा काय आजार आहे का, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. विचारणारे सगळे उशीवर डोकं टेकताच घोरणारे. त्यांना काय सांगणार? मी म्हणायची, आजार कसला हो, हौस आहे.

हे लिहिणं त्यांच्यासाठी नाही. दिवस कलायला लागला की ज्यांना पुढची रात्र नकोशी होते, अंथरूण घालताना ज्यांचे हात जड होतात, घरातलं माणूस शांत झोपलेलं बघून ज्यांना त्याचा रागच येतो, त्यांच्यासाठी हे आहे. मी पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. गोळी अजून चालू आहे. पण मी झोपते. एवढं साधं वाक्य लिहायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

खोली

आम्ही नांदेडचे. माझे यजमान दिगंबरराव तिथे सरकारी कचेरीत कारकून आहेत. प्राची ही एकुलती एक मुलगी. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि तिचं लातूरला जायचं ठरून गेलं. डॉक्टर व्हायचं तर अकरावी-बारावी लातूरला, यावर आमच्याकडे कुणी चर्चा करत बसत नाही. पोरीला होस्टेलात ठेवायचं नसेल तर आईने सोबत जाऊन खोली करायची, हीही आता रीतच झाली आहे. क्लासच्या त्या भागात इमारतीच्या इमारती अशा आयांनी भरलेल्या आहेत. कुणी मुखेडची, कुणी देवणीची, कुणी उदगीरची. नवरे गावाकडे हाताने भात शिजवून खातात आणि आया इकडे पोरांचे टेस्टचे मार्क एकमेकींपासून लपवतात.

मी जाते, असं मी यांना सांगितलं.

"उषा, तुला जमंल का?" त्यांनी विचारलं.

"न जमायला काय झालं? स्वयंपाकच करायचाय ना," मी म्हणाले.

ते कशाबद्दल विचारत होते ते मला नीट कळलं होतं. लग्न झाल्यापासून लातूर जिल्ह्यात मी एकही रात्र काढली नव्हती. लग्नकार्याला गेले तरी संध्याकाळच्या एसटीने परत यायची. माझं माहेर त्या जिल्ह्यातलं, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. मी तेव्हा शाळेत होते. आई आणि धाकटा भाऊ गेले. मला दगडमातीखालून ओढून काढलं. आबा, म्हणजे माझे वडील, गणपती विसर्जनानंतर देवळाच्या पारावर भजनाला बसले होते, म्हणून वाचले. पुढे मामा मला नांदेडला घेऊन आले आणि मी तिथलीच झाले. माहेराबद्दल कुणी विचारलं की मी एवढंच सांगायची. प्राचीलाही एवढंच सांगितलं होतं.

लातूरला खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबवर सगळ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या.

ग्लास

भूकंपानंतर मामा न्यायला येईपर्यंत आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. जमीन अधूनमधून हलतच होती. तेव्हा शेडमधल्या घराघरांत एक पद्धत पडली. झोपताना उशाशी परात ठेवायची, परातीत तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या गोल बुडावर ग्लास उपडा ठेवायचा. जमीन जराशी हलली तरी ग्लास परातीत पडून वाजणार, आणि वाजला की बाहेर पळायचं. आबा हे रोज संध्याकाळी देवपूजेसारखं मांडायचे. मांडूनही स्वतः बसूनच राहायचे, मान जरा कलती, कान जमिनीकडे.

मी ती पद्धत सोडली नाही. सासरी नव्याने आले तेव्हा सासूबाईंना वाटलं मला झोपेत पाणी लागतं. एका पाहुण्याने तर पाणी प्यायला ग्लास उचललाही होता. यांना सवय झाली. नांदेडला आमचं घर तळमजल्याला, माझं अंथरूण दाराशी. मी तुटक तुटक झोपायची, सारखी दचकून उठायची, पण निभत होतं.

लातूरला ते निभेना. तिथे पाणी आठवड्या-दहा दिवसांनी येतं, त्यामुळे टँकर. टँकर आला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. वर चढवायची मोटर लागली की भिंत गुणगुणायची. ग्लास पडायचा. मी प्राचीला दंडाला धरून उठवायची आणि तीन जिने खाली न्यायची. खाली टँकरवाला नळी गुंडाळत उभा असायचा.

मग मी झोपणं जवळपास सोडूनच दिलं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. कुकर लावला की नाही ते आठवेना. बाजारात चालताना पाय टेकेल तिथे जमीन आहे ना, असं वाटायचं. कुणी मोठ्याने हसलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती इथे सांगते. कधी कधी मनात यायचं, पडून जाऊ दे एकदाचं सगळं, म्हणजे वाट बघणं तरी संपेल. वर टाक्या, शेजारी पोरगी, आणि माझ्या मनात हे. तुमच्याही मनात असलं काही येत असेल तर ते आजच कुणाला तरी सांगा.

वरात

एक दिवस प्राची संध्याकाळीच झोपली. सकाळी मोठी टेस्ट होती. जेवणं आटोपून मी भांडी घासत होते आणि खालून लग्नाची वरात आली, डीजे लावलेली. तो आवाज कानाने नाही, छातीने ऐकू येतो. परातीत ग्लास पडला. पुढचं मला धड आठवत नाही. प्राचीचा हात माझ्या हातात होता, ती ओरडत होती, "मम्मी, डीजे हाय तो, डीजे हाय," आणि मी तिला ओढत होते. दुसऱ्या जिन्यावर तिचा पाय निसटला. उजवं मनगट असं मुरगळलं की टेस्टला तिला पेन धरता आलं नाही.

वरात निघून गेली. प्राची पायरीवर बसून मनगट धरून रडत होती. रडणं थांबल्यावर ती अगदी हळू म्हणाली, "मम्मी, तू नांदेडला जा. मी होस्टेलला राहते. तू असली की मला भीती वाटते. भूकंपाची न्हाई. तुझी."

शनिवारी हे आले. त्यांनी पोरीचं बांधलेलं मनगट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना रागावता येत नाही, हा त्यांचा एक दोषच आहे.

"दवाखाना करू. दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर तू घरी ये. पोरीचं वर्ष जायला नको."

पोरगी शिकवायची म्हणून घर सोडून आले होते, आणि आता तिच्या वाटेतला धोंडा मीच झाले होते.

पाटी

मनाच्या डॉक्टरांकडे जाताना मी यांना रिक्षा दवाखान्याच्या बरीच पुढे थांबवायला लावली. पाटीखाली उतरताना कुणी बघू नये म्हणून. आत गेले तर बाकांवर निम्मी क्लासचीच पोरं, गळ्यात ओळखपत्रं. एक मुलगा स्वतःच्याच बोटांची नखं कुरतडत होता आणि त्याची आई त्याचा हात धरून खाली करत होती, पुन्हा पुन्हा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी तिथे लाजायचं सोडलं. लाजण्याइतकी जागाच नव्हती त्या बाकावर.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. मी झोपेचं सांगितलं, चिडचिडीचं सांगितलं. भूकंपाचं आणि ग्लासचं यांनी सांगितलं. मला वाटलं आता ही हसणार.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवसापासून तुम्ही पहारा करून राहिलात. थकणारच ना ओ ताई."

आजाराला नाव होतं, औषध होतं, असे आणखी लोक होते. हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही. इतकी वर्षं हे नाव कुणी सांगितलं कसं नाही?

गोळ्या दिल्या. आणि रोज अर्धा तास अंग टाकून संथ वाद्यसंगीत ऐकायला सांगितलं, बारीक आवाजात, शक्यतो तेच तेच. "मनात जे येईल ते येऊ द्यायचं," असंही म्हणाल्या.

"मॅडम, गाणं लावलं तर खालचा आवाज कसा ऐकू येईल?" मी विचारलं.

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "ग्लास राहू द्या सध्या. तो काढा असं मी म्हणत नाही. फक्त ऐकून बघा."

सूर

फार वाईट अनुभव आला. प्राचीने मोबाइलवर बासरी लावून दिली, कानात घालायच्या गुंड्याही दिल्या. कान बंद होताच मी त्या उपसून फेकल्या. मग गुंड्यांशिवाय ऐकलं. बासरी वर चढली की मला वाटायचं, हिच्याआड काही तरी चाललंय. दर थोड्या वेळाने बंद करून जमिनीचा कानोसा घ्यायची. सतार लावली, तिची लय शेवटी भरभर वाढायला लागली तशी मी ती बंद केली. पावसाचा आवाज म्हणून काही होतं, त्याने दोरीवरचे कपडे आठवले आणि मी उठून गच्चीवर गेले.

शेजारच्या खोलीत नसरीनभाभी राहायच्या, उदगीरच्या. त्यांचे मिस्टर तिकडे गाद्यांचं दुकान चालवतात, मुलगा आमेर प्राचीच्याच वर्गात. जिन्यातली आमची धावपळ सगळ्या इमारतीने पाहिली होती, पण भाभींनी त्यावर कधी विषय काढला नव्हता. एका दुपारी त्यांच्या खोलीतून तंबोऱ्याचा आवाज येत होता. नुसता तंबोरा, गाणं नाही, काही नाही.

"आमेरला गल्लीचा गलका नक्को वाटतो, तर हे लावून वाचतो ओ भाभी," त्या म्हणाल्या. "मला बी आता ह्याच्याबिगर दुपारी करमत न्हाई."

त्यांनी मोबाइल स्टीलच्या ग्लासात उभा ठेवला होता. त्याने आवाज घुमतो आणि भरून येतो. तुम्हीही असंच ठेवा, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडचा ग्लास रिकामा नाही. त्या समजल्या की नाही कोण जाणे, पण हसल्या.

मी तंबोरा लावून पाहिला. तो कुठे जात नव्हता आणि कुठून येत नव्हता. वर चढत नव्हता, दचकवत नव्हता. आणि मुख्य म्हणजे त्याच्या आरपार मला सगळं ऐकू येत होतं, जिन्यातल्या चपला, टँकर, कुकरची शिट्टी. पहारा सुटला नव्हता, पण पहारेकऱ्याला टेकायला भिंत मिळाली होती.

रात्री आडवं होण्याचं धाडस नव्हतं, म्हणून दुपारी सुरू केलं. पोरं क्लासला गेली की दार सताड उघडं ठेवून मी दारातच चटई टाकायची. भाभी मेथी निवडायला उंबऱ्यावर येऊन बसायच्या. कितीतरी दिवस मी नुसती पडून छताकडे बघत होते.

मी जागी हाय

एका दुपारी माझे डोळे मिटायला लागले आणि मी दचकून उठले. भाभी मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या, "झोपा ओ भाभी, मी जागी हाय ना इथं."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

तंबोरा चालूच होता. त्यात हळूहळू पेटी मिसळल्यासारखी झाली, टाळ आले, आणि ती संध्याकाळ माझ्यासमोर उभी राहिली. गणपती बुडवून माणसं परतली होती, देवळात भजन रंगलं होतं. आबा आल्याशिवाय मी झोपणार नाही म्हणून हटून बसले होते. आई भावाला थोपटत होती. तिच्या हाताला कापराचा वास होता. ती म्हणाली, "झोप गं बाई आता, आबा येतील. मी जागी हाय." मी त्या भजनाच्या सुरात झोपले. उठले ती दगडांखाली, तोंडात माती.

आईचं शेवटचं वाक्य मी इतकी वर्षं विसरले होते. म्हणजे मला वाटत होतं विसरले. कान मात्र विसरले नव्हते. सूर ऐकत झोपायचं नाही आणि दुसऱ्याच्या जागण्यावर भरवसा ठेवायचा नाही, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं.

मी चटईवर पडून रडले. आईचा राग आला. जागी हाय म्हणालीस आणि? मग वाटलं, खरंच जागी असेल ती. असली तरी काय करणार होती? भिंती काही तिला विचारून पडल्या नाहीत. हे इतकं सरळ होतं, आणि इतकी वर्षं पहारा करताना मला याचा विचार करायला फुरसत झाली नव्हती. आईच्या चेहऱ्याचाही नाही. त्या दुपारी पहिल्यांदा मला तिचा चेहरा नीट दिसला. भाभींनी उठून चहा टाकला.

संगीताने जादू होते असं मी सांगणार नाही. त्याने दार उघडतं आणि आत जे असेल ते बाहेर येतं, आणि ते चांगलंच असेल असं नाही. पुढे बरेच दिवस मी आधीपेक्षा वाईट होते. गोळीने तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं दगड. पण दुपारची डुलकी लागायला लागली, मग रात्रीचीही. दिवाळी आली आणि गेली. हे फराळ घेऊन आले, दोन दिवस राहिले, आणि नांदेडला परत चल असं म्हणाले नाहीत.

ग्लास मात्र मी रोज मांडत होते.

ती सकाळ

थंडीचे दिवस. त्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. इतक्या उन्हात मी आयुष्यात उठले नव्हते. तंबोरा वाजत होता. प्राची माझ्या उशाशी बसली होती, तिचा हात माझ्या खांद्यावर. परातीत ग्लास आडवा पडला होता. खालून गल्लीतून खूप माणसांचा आवाज येत होता.

"मम्मी, घाबरू नको," ती म्हणाली. "धक्का बसला. बारका होता. पप्पांचा बी फोन आला, नांदेडलाही जाणवला म्हणले. सगळे खाली हायत."

इतकी वर्षं उंदराने, मांजराने, टँकरने, डीजेने तो ग्लास पडत आला होता. खरोखर जमिनीने पाडला, तेव्हा मी झोपले होते.

"आन् तू? तू का न्हाई गेलीस खाली?"

"तू झोपली होतीस."

"मग मला उठवायचं! न्हाई तर सोडून पळायचं! वर टाक्या हायत, अक्कल हाय का तुला?"

"भाभी बोलवायला आल्या होत्या. मीच न्हाई म्हणले. उठवलं असतं तर तू पुन्हा कधी झोपली नसतीस, मम्मी." मग ती म्हणाली, "आन् मी जागी होते ना."

मी हात उगारला होता. तो तसाच राहिला. ती माझ्याशी बोलत होती, पण मान जरा कलती होती, कान जमिनीकडे. तसं बसलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. माझे आबा मरेपर्यंत तसे बसत.

मला मग भूकंपाची भीती वाटली नाही. तिच्या त्या मानेची वाटली.

त्या दिवशी ती क्लासला गेली नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी ओटा पुसत होते, तर तिने स्वतःच परात घेतली, तांब्या पालथा घातला आणि त्यावर ग्लास ठेवून बघितला, हलतो का. मी कधी शिकवलं नव्हतं. पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "तू झोप मम्मी. मी वाचत बसते."

मी उठले. परात ओट्याखाली सारली. तांब्या सुलटा करून पाण्याने भरला. ग्लास धुतला, पुसला, त्यात मोबाइल उभा केला आणि तंबोरा लावला.

"आन् पुन्हा हललं तर?" तिने विचारलं.

"जाग आली तर पळू."

"आन् न्हाई आली तर?"

मी तिला माझ्याच गोधडीत घेतलं. तिच्या आजीचं नाव सांगितलं, तिच्या मामाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, नाव सांगितलं, भजनाची ती संध्याकाळ सांगितली, कापराचा वास आणि ते वाक्यही. ती ऐकत होती, मध्येच काही विचारत होती. मी तिला म्हणाले की आज कुणीच जागं राहायचं नाही. आम्ही दोघी डोळे मिटून तंबोरा ऐकत पडलो. आधी ती झोपली की मी, ते मला सांगता येत नाही.